तिला कळलं नसतं तर?

तव्यावर बेकन करणं हा एक वैताग असतो. चरबी तडतडते, मनगटावर उडते, शेगडीमागची भिंत तेलकट होते. ओव्हनमध्ये मात्र काम सोपं. ट्रेला फॉइल लावायचं, पट्ट्या एकमेकींवर न चढवता मांडायच्या, ४०० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण २०० सेल्सियसवर १५ ते २० मिनिटं ठेवायच्या. पट्टी जाड असेल तर थोडं जास्त. उलटायचीही गरज नाही. सुटलेली चरबी काचेच्या बरणीत ओतायची (सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो), फॉइल गुंडाळून टाकून द्यायचं, संपलं. ट्रे जवळजवळ कोराच राहतो.

मला त्यातलं दार बंद असणंच जास्त आवडायचं. कारण ओहायोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी एकटी नव्हते. माझी रूममेट हैदराबादची. पाच वेळा नाही, पण जमेल तेव्हा नमाज पढणारी. घराची आठवण आली की ओव्हनमध्ये उस्मानिया बिस्किटं भाजणारी. माझ्यासाठी ओव्हन हे एक यंत्र होतं. तिच्यासाठी ते हैदराबादला जायचं दार होतं.

बेकन मी पहिल्यांदा लॅबमधल्या एका मित्राकडे खाल्लं आणि आवडलं. आमच्या गावाकडे डुकराचं मटण एका ठरावीक वस्तीतच शिजायचं आणि बाकीचा गाव त्यावरून त्या लोकांना हसायचा. त्याच गावातली मुलं आता पुण्याच्या कॅफेत बेकन मागवून आधी फोटो काढतात. नाव बदललं, प्लेट बदलली की किळस कुठे जाते कोण जाणे.

मी नियम ठरवला होता. ती शनिवारी लायब्ररीत गेली की करायचं, माझ्याच ट्रेमध्ये, खिडकी उघडी ठेवून. तिला त्रास नाही, मला बेकन. दोनदा बिनबोभाट पार पडलं. तिसऱ्यांदा ट्रे बाहेर काढताना फॉइल फाटलं आणि चरबी ओव्हनच्या तळावर सांडली. गरम होतं म्हणून नंतर पुसू म्हटलं, आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटं लावली. पाच मिनिटांत धूर. तिने विचारलं, ‘आत काय सांडलंय?’ मी म्हटलं, ‘चिकन केलं होतं काल.’

इतकं सहज निघालं ते तोंडातून. तिने धूर जाऊ दिला, बिस्किटं भाजली, पहिलं मला दिलं. मी खाल्लं. छान होतं.

आता प्रश्न असा की नेमकं बिघडलं काय? तुम्ही म्हणाल, काहीच नाही. बिस्किटं तिच्या ट्रेमध्ये होती. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिच्याकडे दोष नाही, हे तिनेच नंतर मला सांगितलं. कुणाचं पोट दुखलं नाही, कुणी रडलं नाही. दुःखाचा हिशेब मांडला तर शून्य येतो.

थॉमस नेगेल नावाच्या तत्त्वज्ञाने १९७० साली मृत्यूवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात जाता जाता तो याच हिशेबाला हात घालतो. आपला विश्वासघात झाला हे कळल्यावर आपल्याला दुःख होतं, ते विश्वासघात मुळात वाईट असतो म्हणून. दुःख झालं म्हणून तो वाईट ठरतो, असं उलटं नसतं. म्हणजे कळलंच नाही, तरी जे झालं ते झालंच. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. बरं वाटेल असं काहीतरी शोधत होते मी.

पण माझ्या डोक्यात दुसराही एक आवाज होता, आणि तो साधा नव्हता. तो म्हणत होता की शुद्धाशुद्धतेला तू कधीपासून मानायला लागलीस? पुण्यात खोली शोधताना एका घरमालकीणबाईंनी मला आधी विचारलं होतं, ‘नॉनव्हेज खाता का?’ मी म्हटलं, घरात नाही करणार. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग खोली आधीच दिल्याचं त्यांना आठवलं. तेव्हापासून ‘आमच्यात चालत नाही’ हे शब्द ऐकले की माझं डोकं तापतं. आणि हा तापही एकट्या माझा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, तर नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले १०८ घडे वापरून तळं ‘शुद्ध’ केलं. ज्या मातीत हे झालं तिथल्या मुलीने कुणाच्या ओव्हनच्या पावित्र्याची काळजी का करावी?

बरेच दिवस मी या आवाजाच्या मागे लपले. मग आजी आठवली.

माझी आजी माळकरी. आमच्या घरात बाकी सगळे खाणारे. आई मटण गॅलरीतल्या स्टोव्हवर करायची, त्याचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, घासणीसुद्धा वेगळी. रविवारी सकाळी आई आजीला सांगायची, ‘आत्या, आज मटण आहे हं.’ आजी ‘बरं’ म्हणून आपलं ताट बाहेरच्या खोलीत घेऊन जायची. दुपारी मला जवळ घेऊन झोपायची. माझ्या हाताला वास यायचा, ती नाक मुरडायची आणि तरी कुशीत घ्यायची.

पातेलं वेगळं आमच्याकडेही होतं. पण आजीचा नियम आजीच्या ताटापुरता होता. घरमालकीणबाईंचा नियम माझ्या ताटाबद्दल बोलत होता आणि माझ्या आडनावाकडे बघत होता. तळं शुद्ध करणाऱ्यांना पाण्यात काय पडलं याचं काही नव्हतं, पाणी कोण प्यालं याचं होतं. माझ्या रूममेटने माझ्या ताटाबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. तिला फक्त स्वतःच्या तोंडात काय जातं ते ठरवायचं होतं. ते तिच्या वतीने मी ठरवून टाकलं. आणि आई जे दर रविवारी करायची ते, म्हणजे नुसतं सांगणं, तेवढंच मी केलं नव्हतं.

हे कळल्यावरही मी तिला लगेच सांगितलं नाही. आधी पुरावा नष्ट करायला गेले. तिथल्या ओव्हनना ‘सेल्फ क्लीन’ नावाचं बटण असतं. दार आपोआप कुलूपबंद होतं, आतलं तापमान साधारण ४८० सेल्सियसवर जातं आणि सांडलेल्या सगळ्याची राख होते. धर्म पाळणारे ज्यू लोक ओव्हन कोशर करायलाही हीच सोय वापरतात. मला वाटलं, झालं, शुद्धीकरण. माझे १०८ घडे.

आधी मोठे डाग पुसून घ्यायचे असतात, ते मी केलं नाही. वीस मिनिटांत घरभर धूर, स्मोक अलार्म बोंबलतोय, बाहेर जानेवारी आणि मी स्टुलावर उभी राहून टॉवेल हलवतेय. दार कुलूपबंद, त्यामुळे आतलं काही काढताही येईना. तेवढ्यात ती आली. खिडक्या उघडत म्हणाली, ‘आज अचानक सफाई कशी सुचली?’

मी सांगितलं. तीन वेळचं. चिकनचं पण.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ कोट न काढता खुर्चीवर बसून राहिली. मग म्हणाली, ‘बेकनचं काय गं, कॅन्टीनमध्ये शेजारचा रोज खातो. पण त्या दिवशी मी पहिलं बिस्किट तुला दिलं आणि तू ते माझ्याकडे बघत खाल्लंस.’

त्यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

नंतर तीन आठवडे तिने ओव्हन लावला नाही. मी एक छोटा टोस्टर ओव्हन घेतला, कोपऱ्यात ठेवला. शुक्रवारी रात्री तिला सांगते, ‘उद्या करणार आहे.’ ती ‘बरं’ म्हणते. आईला व्हिडिओ कॉलवर तो कोपरा दाखवला तर ती म्हणाली, ‘हिची पण गॅलरी झाली.’

परवा संध्याकाळी घरी आले तर मोठा ओव्हन चालू होता. बिस्किटांचा वास येत होता. आधी तिने तो आतून धुतला की नाही, ते मी विचारलं नाही. तिने डबा टेबलावर ठेवला, मला दिलं नाही, पण झाकणही लावलं नाही.