अर्जदार आणि याचक

जून महिना लागला की हैदराबादेत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक मृगाच्या पावसाची आणि दुसरी महाविद्यालयातील प्रवेशाची. ह्याच सुमारास शहरातील मी-सेवा केंद्रांपुढे रांगा लागू लागतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, इंटरचे गुणपत्रक, आणि मुलाशेजारी उभे असलेले आई किंवा वडील. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हाती आल्यावाचून शिष्यवृत्तीचा वा फी-परताव्याचा अर्ज पुढे सरकत नाही. ह्या रांगेत उभे राहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. एरवी चार माणसांत आपला पगार सांगताना मनुष्य तो थोडा वाढवून सांगतो. ह्या खिडकीपुढे मात्र तो आवाज खाली आणून सांगतो, आणि आकडा जितका लहान तितके बरे, असे त्याला वाटत असते. मुलगा हे ऐकत असतो. आपल्या बापाची मिळकत त्याला कित्येकदा येथेच प्रथम कळते.

शिक्षणासाठी साहाय्य मागणारा हा मनुष्य अर्जदार आहे की याचक? प्रश्न केवळ शब्दांचा नाही. याचकाला दात्याची मर्जी सांभाळावी लागते. अर्जदाराला फक्त आपले म्हणणे मांडावयाचे असते. 'अर्ज' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्या दफ्तरांत आला आणि त्याचा मूळ अर्थ सादर करणे, निवेदन करणे असा आहे. संस्कृतातील 'अर्ज्' हा धातू ह्याहून अगदी वेगळा. त्याचा अर्थ मिळविणे, कमावणे. 'विद्यार्जन' त्यापासूनच झाले. दोहोंचे नाते नाही, ध्वनी तेवढा एक आहे. परंतु विद्यार्जनासाठी अर्ज करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर येऊन बसतात, आणि त्यांपैकी कोणता खरा ठरावा हे बहुतांशी तो कागद वाचणारावर अवलंबून असते.

आपल्या परंपरेने विद्यार्थ्याच्या मागण्याला कधी हीन मानले नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मुंजीतील भिक्षावळ हे त्याचे उदाहरण. त्या विधीत एक शहाणपण खचितच आहे: श्रीमंताच्या मुलालाही झोळी धरावी लागते. सगळेच मागत असले म्हणजे मागण्याची लाज उरत नाही. लाज वाटते ती एकट्याला वेगळे काढून मागावयास लावले म्हणजे. पुढे वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे ह्या प्रथांनी महाराष्ट्रातील कित्येक गरीब मुलांना शिकविले, हेही खरे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून ती शिकली आणि मोठी झाली. पण तेथे झोळी सर्वांच्या हाती नव्हती. ज्याच्या हाती होती त्याला रोज एका नव्या उंबऱ्यावर आपली गरज घेऊन उभे राहावे लागे. शिवाय तो उंबरा सर्वांसाठी नव्हताच. ताट वाढण्यापूर्वी जात पाहिली जात होती. म्हणून त्या दिवसांची आठवण काढताना कोण जेवून गेला ह्याबरोबर कोणाला त्या आळीत पाऊलही टाकता आले नाही, हेही आठवावयास हवे.

राजाश्रयाची तऱ्हा निराळी. १८९५ साली ह्याच शहरातील एक सोळा वर्षांची मुलगी निजाम महबूब अली खान ह्यांच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकावयास गेली. पुढे ती सरोजिनी नायडू म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या गुणांविषयी शंका नाही, आणि देणाराच्या औदार्याविषयीही नाही. परंतु तिचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय ह्या शहरातील प्रतिष्ठित शिक्षणतज्ज्ञ होते. तितक्याच बुद्धीची एखादी मुलगी त्याच वर्षी परभणीच्या किंवा बीदरच्या एखाद्या खेड्यात असती, तर तिचे नाव दरबारापर्यंत पोहोचण्यास वाट कोणती होती? कृपा दिसेल त्याच्यावरच होते. न दिसणाराला तिचा उपयोग नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. ही नुसती कृपा नव्हती, करार होता: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. हा करार पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या ह्या पदवीधराला राहावयास जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तेथूनही थोड्याच दिवसांत बाहेर काढले गेले. महाराजांनी दिलेले साहाय्य खरे होते. पण राजाची सही शहराच्या दारांवर चालत नाही, हेही तितकेच खरे ठरले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा असा आग्रह धरला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ पासून चालत आलेली आहे. ज्याला स्वतः एका राजाच्या मर्जीने शिकता आले, त्याने आपल्यामागून येणारांना कोणाच्या मर्जीवर अवलंबून ठेवले नाही, हा ह्या गोष्टीचा अर्थ. १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्या विद्यापीठाच्या आवारात आज जो विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकतो, त्याने हे ठाऊक करून घ्यावे.

म्हणून छापील अर्ज, त्यावरील रकाने, जोडावयाचे दाखले ह्या रूक्ष गोष्टींना आम्ही नावे ठेवीत नाही. रकान्याला चेहरा दिसत नाही, हेच त्याचे मोठेपण. आंध्र प्रदेशात २००८-०९ च्या सुमारास फी-परताव्याची योजना आली आणि अभियांत्रिकीचे नावही ज्या घरांत कोणी काढले नव्हते तेथील मुले त्या वर्गांत बसू लागली. त्या मुलांना कोणाच्या वाड्यावर जावे लागले नाही.

परंतु रकाना आखणारा हातही माणसाचाच असतो. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले, आणि त्याच वर्षी नव्या सरकारने फी-साहाय्यासाठी अशी अट घातली की, विद्यार्थ्याचे कुटुंब १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीपासून तेलंगणातील असावे. हैदराबादेतील मराठी माणसाला ह्या तारखेचा अर्थ सांगावयास नको. त्या दिवसापर्यंत नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हे ह्याच राज्यात होते व हीच त्यांची राजधानी होती. १९५५ साली नांदेडहून आलेले आजोबा आपल्याच राज्याच्या राजधानीत आले. १९५७ साली त्याच गाडीने आलेले त्यांचे धाकटे बंधू परराज्यातून आले. साठ वर्षांनी दोघांची नातवंडे एकाच वर्गात बसली असता एकाची फी भरली जावी आणि दुसऱ्याची नाही, ह्यात न्याय कोणता? उच्च न्यायालयानेही ह्या अटीला आक्षेप घेतला आणि पुढील वर्षी सरकारने ती योजना मागे घेतली. पण तेवढ्या महिन्यांत कित्येक घरांतून जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या, पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या शोधल्या गेल्या. गरज सिद्ध करता करता आपण येथले आहोत हेही सिद्ध करण्याची पाळी आली.

दुसऱ्यांविषयी इतके लिहिल्यावर आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही एका लहानशा शिक्षण-साहाय्य निधीच्या निवड समितीवर होतो. निधी थोडा, अर्ज पुष्कळ. आमच्या अर्जात 'आर्थिक परिस्थितीचे वर्णन करा' असा एक रकाना होता आणि त्याखाली अर्धे पान मोकळे सोडलेले होते. शेवटच्या एका रकमेसाठी दोन अर्ज उरले. एका मुलाने ते अर्धे पान भरून वर दोन पुरवण्या जोडल्या होत्या. वडिलांचे आजारपण, आईचे कष्ट, विकलेले दागिने. वाचताना आमच्यापैकी एकाला चष्मा काढून पुसावा लागला. दुसरा अर्ज एका मुलीचा. तिने चार ओळी लिहिल्या होत्या: वडिलांचा पगार इतका, घरभाडे इतके, महाविद्यालयाची फी इतकी, कमी पडणारी रक्कम इतकी. खाली सही. आम्ही मुलाची निवड केली. एक सदस्य म्हणाले, "हिला खरी निकड असती तर हिने चार शब्द अधिक लिहिले असते." आम्ही मान डोलावली.

पुढल्या वर्षी सुलतान बाजारातील एका कापडाच्या दुकानात ती मुलगी मापे काढताना दिसली. प्रवेश मिळाला होता, फीची मुदत टळून गेली होती. आम्ही ओशाळून विचारले, "तू अर्जात सविस्तर का लिहिले नाहीस?" ती म्हणाली, "काका, आकडे तर सगळे लिहिले होते. त्यापुढे आणखी काय लिहायचं असतं?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलाने खोटे लिहिले नव्हते. त्याची गरजही खरीच होती. चूक आमची होती. आम्ही गरज मोजावयास बसलो होतो आणि मोजली निवेदनाची करुणा. दारिद्र्य सिद्ध करणे वेगळे आणि दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे वेगळे. पहिल्याची मागणी करण्याचा अधिकार देणाराला आहे, कारण पैसा थोडा असतो आणि तो योग्य हाती जावा लागतो. दुसऱ्याची मागणी करण्याचा अधिकार कोणालाच नाही. जो ती करतो तो साहाय्याच्या मोबदल्यात मुलाचा स्वाभिमान घेतो. म्हणजे देता देता विकत घेतो. समारंभात मुलांना व्यासपीठावर ओळीने बसवून त्यांच्या घरची परिस्थिती ध्वनिक्षेपकावरून सांगणारे आणि धनादेश देताना छायाचित्रासाठी क्षणभर थांबणारे दाते हेच करीत असतात, पुष्कळदा नकळत.

अर्जदाराचे कर्तव्यही आहेच, आणि ते कठीण आहे. येथील योजनेत शहरातील मागासवर्गीय कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला दोन लाख रुपये, म्हणजे महिन्याला सतरा हजारांहूनही कमी. पहारेकऱ्याचा पगार आणि त्याच्या पत्नीने चार घरी केलेले काम मिळून ही रेषा सहज ओलांडली जाते. हैदराबादेत त्यात घरभाडे आणि किराणा गेल्यावर काय उरते हे सांगावयास नको. अशा बापाला कोणीतरी सुचवितो, "थोडा कमी दाखवा, कोण पाहतो?" त्याला अप्रामाणिक म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. रेषा बोथट आहे आणि तिच्या पलीकडे हातभर अंतरावर उभा असलेला मनुष्य अलीकडच्याहून श्रीमंत नाही. तरीही आम्हाला वाटते की त्याने तसे करू नये. सरकारची फसवणूक होते हे त्याचे कारण दुय्यम आहे. अर्जाखालच्या प्रतिज्ञापत्रावर सही मुलाची असते. सतराव्या-अठराव्या वर्षी, प्रौढ म्हणून केलेली ती त्याची बहुधा पहिली सही. विद्येच्या दारात शिरताना ती खोट्याखाली पडावी, हे त्या बापालाही मनातून रुचत नसते. रेषा चुकीची असेल तर ती बदला असे म्हणण्याचा हक्क ज्याने खरा आकडा लिहिला त्यालाच पुरतेपणी राहतो. मात्र हे म्हणण्याचे काम त्या एकट्या पहारेकऱ्यावर सोडून आपण स्वस्थ बसावे, असे नव्हे.

आणि प्रामाणिकपणाची अपेक्षा एकाच बाजूने का असावी? शब्द दिल्यावर तो वेळेवर पाळणे हाही प्रामाणिकपणाच. फी-परताव्याच्या थकबाकीसाठी २०२५ साली तेलंगणातील खाजगी महाविद्यालयांनी बंद पुकारला होता. सरकारकडून पैसे आले नाहीत म्हणून मुलांची प्रमाणपत्रे अडकून पडल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. मंजूर झालेला हक्क दोन वर्षे मिळाला नाही म्हणजे त्याची पुन्हा याचना होते. मुलगा पुन्हा एका खिडकीपुढून दुसऱ्या खिडकीपुढे जाऊ लागतो.

कृतज्ञतेविषयी एक शब्द. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी उभा केला, त्यातून मिळणारी रक्कम कर्जाऊ असे. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्यासाठी वापरावयाचा. साहाय्य घेणाराला ह्यात मान वाकवावी लागत नाही, आणि त्याला आपले ऋण कोणाला फेडावयाचे हेही कळते. कृतज्ञतेची दिशा मागे, देणाराच्या पायांकडे नसावी. पुढे, रांगेत आपल्यामागे उभ्या असलेल्याकडे असावी.

आमच्या त्या निधीच्या अर्जातून 'परिस्थितीचे वर्णन करा' हा रकाना आम्ही काढून टाकला. त्याजागी चार चौकटी आल्या: उत्पन्न, खर्च, फी, कमी पडणारी रक्कम. फीची मुदत कोणत्या तारखेस संपते हाही एक प्रश्न घातला आणि त्या तारखेपूर्वी निर्णय कळविण्याचा नियम केला. तो नमुना आम्हाला नव्याने आखावा लागला नाही. त्या मुलीने आपल्या चार ओळींत तो आखून दिलेलाच होता. तिचे वर्ष मात्र आम्हाला परत देता आले नाही.