विहिरीच्या काठावर

बसा.

खुर्चीत, ओट्यावर, एसटीच्या खिडकीशी, कुठेही. तळपाय जमिनीला पुरते टेकू द्या.

खांदे खाली सोडा. घाई कसलीच नाही.

आता एक विहीर डोळ्यांपुढे आणा. गडचांदूरच्या बाहेरची, काळ्या रानातली. कपाशी केव्हाच निघाली आहे. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या आहेत. मागे माणिकगडचा डोंगर. वैशाखातली सकाळ. थोड्या वेळाने असं तापेल की अनवाणी पाऊल टाकवणार नाही. अजून तापलेलं नाही.

दूर सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते. धूर सरळ वर चढतो आहे. वारा पडलेला आहे.

विहिरीजवळ या. अगदी काठाला नको. दोन पावलं मागेच थांबा.

खाली पाणी आहे. गडद, हिरवट. दगडी बांधणीतून पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. एका बाजूने मोटारीचा पाइप पाण्यात गेलेला आहे. वीज नाही, मोटार बंद आहे.

कपारीतून एक पारवा उडतो. पंखांची फडफड आत घुमते, वर येते, विरते.

ती विरेपर्यंत ऐका.

पुरती विरू द्या.

काठावर एक मुलगी उभी आहे. पोहायला ती मागच्या उन्हाळ्यात शिकली, पाठीला रिकामी कॅन बांधून. मुटका मारता येतो. आज तिला सूर मारायचा आहे.

मुटक्यात पाय आधी जातात. सुरात डोकं आधी जातं.

तिच्या पायांकडे बघा. चेहऱ्याकडे नको, चेहरा ती सांभाळून आहे. पायांना सांभाळता येत नाही.

अंगठे दगडाच्या कडेवर वाकले आहेत. नखाखाली काळ्या मातीची रेघ आहे. मघाशी ती पाण्यातून वर आली, तेव्हाचा ओल्या टाचेचा ठसा मागच्या दगडावर उमटला आहे. तो कडेकडून सुकत चालला आहे. आधी टाचेची गोलाई जाते. मग चवडा. बोटांचे पाच ठिपके तेवढे उरतात.

बघत राहा. एक ठिपका गेला.

दुसरा गेला.

पिंढरी थरथरते आहे. बारीक, सलग. थांबवायचा ती प्रयत्न करते, तशी थरथर वाढते. मग ती प्रयत्न सोडून देते. थरथर आहे तशी राहते.

तुम्हीही तिला राहू द्या.

आता स्वतःकडे या. तुमची एखादी उडी असेलच. गाडी शिकायची असेल. चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं असेल. कुणाला तरी खरं सांगायचं असेल. त्या उडीचं नाव घेऊ नका. ती आठवली की अंगात कुठे काय होतं, तेवढंच बघा.

पोटात असेल. घशात असेल. दोन्ही तळहात ओलसर झाले असतील.

जिथे असेल तिथे लक्ष नेऊन ठेवा. हलवू नका. हाकलू नका. आवडून घ्यायचीही गरज नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर, थोडा जास्त लांब.

श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. ही सोय जन्मापासून अंगात आहे. पुन्हा एकदा, सावकाश. (पाण्यात उतरण्याआधी मात्र भराभरा श्वास घेत बसू नये. त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते, चांगल्या पोहणाऱ्याचीसुद्धा.)

मुलीचा मामा पलीकडच्या पायरीवर बसला आहे. अंग ओलं, खांद्यावर पंचा. तो काही बोलत नाही.

मला तो आवडतो, त्याच्या न बोलण्यामुळे. आपल्याकडे पोहायला शिकवायची एक जुनी रीत आहे. पोराला काठावर उभं करायचं आणि मागून ढकलून द्यायचं. त्यातून पोहणारे पुष्कळ निघाले, हे खरं. विहिरीकडे पाठ फिरवून जे निघून गेले, त्यांना कुणी मोजलं नाही. ही रीत मला कधीच पटली नाही. ढकललेला माणूस पाण्यात पडतो, त्याची उडी तशीच काठावर राहून जाते.

मामा बसून आहे. त्याच्या पंच्यातून पाणी ठिबकतं.

एक थेंब.

थांबा.

आणखी एक.

आता वारा सुटू द्या. चिमणीचा धूर आधी हलतो, मग कलतो. बांधावरच्या पऱ्हाट्या खुळखुळतात. जवळच्या अमलनाला धरणाच्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या असतील. मनाने तिकडे जा. मातीच्या भिंतीवर उभे राहा. समोर उघडं पाणी, पलीकडे डोंगराची निळसर कड.

त्या पाण्यावर एक फळी ठेवा. फळीवर एक शीड.

इथे असलं काही नाही. हा खेळ समुद्राकाठचा, विंडसर्फिंग. गोव्याची कात्या आणि डेन कोएल्हो ही भावंडं तो खेळतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत इबाद अलीने त्यात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. ऑलिंपिकमध्ये तो 1984 पासून आहे. पदकं बाजूला राहू द्या. आपल्याला त्या फळीवरचा एक सांधा तेवढा बघायचा आहे.

शिडाची काठी फळीत रोवलेली नसते. तळाशी एक लवचीक सांधा असतो, चहूकडे वळणारा. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीला ताणून बांधलेले दोर असतात. हिला काही नाही. माणूस शिडाची आडवी दांडी दोन हातांनी धरतो, तेवढ्यावर ती उभी राहते.

हात सुटले, की शीड पाण्यावर आडवं होतं. वारा निसटून जातो. फळी थांबते.

हे जरा वेळ बघा.

शीड पडतं. फळी थांबते. पाणी हलत राहतं.

माणूस फळीवर चढतो, दोरी ओढतो. शीड पाणी निथळत पुन्हा उभं राहतं.

पुन्हा पडतं. पुन्हा उभं राहतं.

या खेळात फॉरवर्ड लूप नावाची एक उडी आहे. फळी लाटेच्या चढावरून हवेत जाते आणि माणूस, शीड, फळी सगळं मिळून पुढच्या अंगाने गिरकी घेतं. चांगले तयार खेळाडू हिच्या दारात वर्षानुवर्षं अडकून राहतात. ताकदीची ही उडी नव्हेच. हवेत गेल्यावर मागच्या हाताने शीड आपल्याकडे ओढून घ्यायचं असतं आणि मान मागच्या खांद्यावरून वळवायची असते. जिकडे निघालो, तिकडे बघायचंच नाही. नेमकं त्याच क्षणी अंग म्हणतं, सोड.

सोडलं, की गिरकी अर्ध्यात मोडते आणि पाठ पाण्यावर सपाट आपटते. भीतीने अंग ताठ झालं तरी तेच. अंगाची जुडी करून शीड धरून ठेवलं, तर वारा उरलेली फेरी पुरी करतो.

म्हणून आधी उडी नसते. आधी वाळूवर उभं राहून शीड धरायचं आणि नुसती मान वळवायची. मग सौम्य वाऱ्यात, छोट्याशा लाटेवर, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून, कमरेचा, दांडीच्या दोरीत अडकवलेला हूक सोडवून, नुसतं कलंडायचं. पाण्यात पडायचं. उठायचं.

तुम्हीही मान वळवून बघा. आत्ता. सावकाश, मागच्या खांद्यावरून, सहज जाईल तेवढीच.

समोरचं दिसेनासं होतं.

पोटात काही हललं का? हललं असेल तर तिथे थोडं थांबा.

मान परत आणा. तितकीच सावकाश.

आता पाणी सोडून डोंगराकडे बघा. माणिकगडच्या अंगाला, डोंगरावर, जिवती आहे. जिवती, देवाडा, बोर्डा इथल्या आश्रमशाळांमधली आदिवासी मुलं 2018 मध्ये एव्हरेस्टला गेली. आदिवासी विकास विभागाचं मिशन शौर्य. त्या मे महिन्यात मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम माथ्यावर पोहोचले. त्यांच्याबरोबर घाम गाळलेले काही जण शिखर न गाठताच परतले.

मला त्या परतणाऱ्यांची पावलं डोळ्यांपुढे आणावीशी वाटतात. बर्फातला जड बूट. तो उचलला जातो, वळतो, खाली टेकतो. तिथे पाऊल मागे घ्यायलाही एक श्वास पुरत नाही.

एक श्वास त्या पावलासाठी घ्या.

आणखी एक.

विहिरीवर परत या.

धूर कललेलाच आहे. दगडावरचा टाचेचा ठसा पार सुकला आहे. मुलगी काठावर नाही.

दचकू नका. खाली बघा. मामाने तिला सगळ्यात खालच्या पायरीवर बोलावलं आहे, पाण्याला लागून. ती गुडघे टेकून बसली आहे. दोन्ही हात कानांना लावून पुढे. हनुवटी छातीशी.

“हनुवटी,” मामा म्हणतो. सकाळपासूनचा त्याचा हा पहिलाच शब्द असावा.

घाबरलेली मान वर येते. मान वर आली की पोट आपटतं आणि लालेलाल होतं. हे तिला सांगायची गरज नाही, पोटाला ठाऊक आहे.

ती उडी मारत नाही. नुसती ओणवी होत जाते. बोटं पाण्याला लागतात.

इथे थांबा. बोटांशी.

पाणी गार आहे. वरच्या उन्हाचा इथे पत्ता नाही. बोटांभोवती एक वलय उठतं, पायरीला लागतं, मोडतं.

मनगटं जातात. कोपरं जातात. मग डोकं, अगदी अलगद, आणि पाठोपाठ सगळं अंग घसरत आत.

आवाज जवळजवळ नाहीच.

पाण्याखाली तिला काय ऐकू येत असेल? कान गच्च, आणि त्याच्या आत आपलाच ठोका. गार पाण्यात चेहरा बुडला की तोही मंदावतो.

तुमचा ठोका ऐका. छातीत सापडला नाही तर मनगटावर बोट ठेवा.

आहे.

आहे.

ती वर येते, नाकातलं पाणी फुंकते, खोकते. केस डोळ्यांवर आलेले आहेत. पायरी धरते. मामा हात पुढे करत नाही, तीही मागत नाही. एक पायरी वर चढून ती पुन्हा गुडघे टेकते. पुन्हा घसरते. मग आणखी एक पायरी, आणि इथे पहिल्यांदाच गुडघे उचलून, उकिडवी.

तिची प्रत्येक खेप पूर्ण बघा. पुढच्या पायरीची वाट बघू नका.

मध्येच एकदा मान वर येते. सट्ट. पोट आपटल्याचा आवाज बांधणीभर फिरतो, पारवे उठतात. ती पोट चोळते. मामा हसतो, तीही हसते.

श्वास बाहेर. लांब.

उन्हं विहिरीत उतरली आहेत. पाण्याचा एक तुकडा उजळून समोरच्या दगडांवर हलतो आहे. ती सगळ्या पायऱ्या चढून वर येते. पुन्हा काठ. पुन्हा अंगठे दगडाच्या कडेवर.

पिंढरीकडे बघा. थरथर आहे. सकाळी होती तितकीच असेल.

ती खाली बघते. सकाळी तिने पाण्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, हे आता लक्षात येतं. आता ती पाइपाकडे बघते, मग त्याच्या समोरच्या अंगाला, मग मधोमध.

“किती खोल आहे गा मामा?”

मामा बांधावरचा लांब वासा आणतो. काठावर पालथा पडून तो पाण्यात सोडतो, सोडत जातो. वासा टेकतो. मामा तो बाहेर ओढतो, ओली खूण हाताने मापतो.

“दोन परस आहे.”

“अन् गाळ?”

वाशाचं टोक तो तिला दाखवतो. ती बोट लावून बघते. चिकटलेली माती बोटाच्या पेरापुरतीच आहे.

“धोंडे?”

“पाइपाच्या अंगाला एक आहे. तिकडून नको मारू.”

ती पाइपापासून चार हात सरकते, तिथला दगड डळमळतो का ते पायाने दाबून बघते, आणि म्हणते, “मग इकडून.”