पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचं हरीण

खेळात मारलं, तर ती हिंसा होते का? नवनगरातल्या आमच्या घरात हा वाद जुना आहे. 'वॉरक्राफ्ट' खेळणारा मुलगा म्हणतो, "आई, तिथं खरं कुणी मरतच नाही."

१९९४ च्या मूळ खेळात माणूस किंवा ऑर्क, एक बाजू घ्यायची आणि दुसरी संपवायची. २०१६ साली डंकन जोन्स यांनी त्यावर सिनेमा काढला. तो आम्ही घरीच पाहिला. खेळात ज्याला नुसतं मारायचं, त्या ऑर्कला इथं बायको आहे, तान्हं बाळ आहे. ड्युरोटन मरतो तेव्हा मुलगा गप्पच झाला.

आपल्या यशोधर राजाची कथा जन्न कवीनं कन्नडमध्ये सांगितली आहे. राजानं बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. रक्त सांडलं नाही, तरी जन्मोजन्मीचे भोग चुकले नाहीत. मनात मारण्याचा संकल्प होता ना! म्हणून खेळाला मी सरसकट पाप म्हणत नाही. जिंकायची ओढ वेगळी, मारण्याची गोडी वेगळी. ती ज्याची त्यानंच तपासावी.

पण सिनेमात निपचित जन्मलेलं बाळ जगवायला गुलदान जवळच्या हरणाचा जीव ओढून घेतो. बाळ श्वास घेतं, आपल्याला हायसं वाटतं. हरीण कुणाच्या ध्यानातही राहत नाही. यशोधराच्या आईनंही लेकाच्या मायेपोटीच बळी मागितला होता. रागातली हिंसा चटकन ओळखू येते. मायेतली येत नाही. आपल्या लेकरांच्या सुखासाठी कुणाचं हरीण जातंय, हे आपण आयांनी विचारायला नको का?