आधी लिव्हर बघायचा होता

हातातली हत्यारं खाली ठेवा आणि या गाडीची पुढची डिस्क बघा. तिच्यावर चढलेला निळसर पट्टा सगळ्यांनी जवळ येऊन बघा. ही डिस्क नवी आहे, तुम्हीच बसवलेली. नव्या डिस्कला निळा रंग कशानं चढला, असं मी सकाळी विचारलं तेव्हा एकानंही तोंड उघडलं नाही. उष्णतेनं चढला. ब्रेक सुटत नव्हता, पॅड डिस्कला घासत राहिला, म्हणून ती तापली. ज्या तक्रारीसाठी गाडी आपल्या दारात आली, ती तक्रार होती तिथंच ठेवून तुम्ही गाडी परत दिलीत आणि वर पैसेही घेतलेत.

जॉब कार्ड मी वाचलं आहे. पहिल्या खेपेला लिहिलंय, ‘पुढचा ब्रेक किंचाळतो, गाडी जड चालते.’ तुम्ही पॅड बदलले. गाडी परत आली, तेव्हा डिस्क बदलली. पुन्हा आली, तेव्हा कुणीतरी नव्याकोऱ्या पॅडवर कानस फिरवली. पॅड पातळ झाला की चाक मोकळं होईल, हा विचार! कानस कुणी फिरवली ते मी विचारणार नाही, कारण बाकीचे शेजारी उभे होते आणि कुणीही हात धरला नाही.

हा माणूस रोज चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला कामाला जातो आणि संध्याकाळी तोच घाट उतरून घरी येतो. त्या उतारावर त्याच्या ब्रेकचं काय होत असेल, याचा विचार तुमच्यापैकी कुणी केला? मग आता ऐका. पॅड घासत राहिला की डिस्क तापते, डिस्कमुळे कॅलिपर तापतो, कॅलिपरमुळे आतलं ब्रेक फ्लुइड तापतं. डॉट 4 चा ताजा डबा असेल तर ते 230 अंशांच्या आत उकळत नाही. पण हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. पुरेसं पाणी मुरलं की तोच आकडा 155 अंशांवर येतो. फ्लुइड उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मुठीपर्यंत जातो. तो माणूस वळणावर ब्रेक दाबतो आणि हाताला काही लागत नाही. तुमच्या कार्डावर मात्र ‘पॅड बदलले’ लिहिलेलं असतं.

मी ही गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा काय केलं? पाना उचलला नाही. मालकाला विचारलं, हे कधीपासून होतंय आणि त्याआधी गाडीला काय झालं होतं. त्यानं एका दमात सांगितलं: गाडी घसरली होती, पुढचा लिव्हर तुटला होता, रस्त्यावरच्या एका गॅरेजात दुसरा बसवून घेतला, आणि तेव्हापासून आवाज सुरू झाला. तीन खेपांत हा प्रश्न एकानंही विचारला नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं, उत्तर त्याच्या तोंडात होतं.

मग लिव्हरला एक बोट लावलं. चांगल्या लिव्हरला सुरुवातीला जरासा मोकळा खेळ असतो. याला तो अजिबात नाही. स्पर्श होताच कडक लागतो. तो खेळ कशासाठी असतो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. मास्टर सिलिंडरमध्ये फ्लुइडच्या टाकीकडून येणारं एक बारीक भोक असतं. लिव्हर सोडला की आतला पिस्टन पूर्ण मागं यायला हवा, तरच ते भोक उघडं राहतं आणि गरम होऊन फुगलेल्या फ्लुइडला वर टाकीत जायला वाट मिळते. या लिव्हरचं टोक मापाचं नाही. ते पिस्टनला सतत किंचित दाबून धरतं, त्यामुळं भोक झाकलेलं राहतं. गाडी सुटते तेव्हा सगळं ठीक असतं. दोन-चार वेळा ब्रेक लागला की फ्लुइड तापतं, फुगतं, वर जायला वाट नाही म्हणून खाली कॅलिपरच्या पिस्टनवर दाब देतं. पॅड आणखी घासतो, आणखी तापतो, दाब आणखी वाढतो. ही साखळी लांबली तर चालत्या गाडीचं पुढचं चाक बसू शकतं. पुढचं चाक बसलं तर दुचाकीस्वाराचं काय होतं, ते मी सांगत नाही.

आणि तुम्ही गाडी कधी तपासलीत? सकाळी, रात्रभर उभी असताना, थंडगार. चाक फिरवून बघितलंत, मोकळं फिरलं, गाडी दिली. गरम झाल्यावर जो ब्रेक धरतो तो थंड असताना तपासून काय कळणार? चार किलोमीटर चालवून आणायची होती. आणून इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचं चाक उचलायचं होतं, आणि तेव्हा हातानं फिरवायचं होतं. पाय मुरगळलेल्या माणसाला नवीन चपला घेऊन द्याव्यात, तसं तुम्ही या गाडीला पॅड आणि डिस्क घेऊन दिलीत.

धरलेल्या ब्रेकचं निदान करायला नवं सामान लागतच नाही, आठचा पाना पुरतो. चाक घट्ट असताना कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावा, खाली बाटली ठेवा, पेट्रोलच्या टाकीवर आणि रंगावर ओली चिंधी टाका, कारण हे फ्लुइड रंग खातं. डोळ्यांना चष्मा. मग निपल किंचित सैल करा. थेंबभर फ्लुइड उडून चाक झटक्यात मोकळं झालं, तर दाब अडकला होता, कॅलिपरचा दोष नाही. चाक तसंच घट्ट राहिलं, तर दोष यांत्रिक आहे आणि कॅलिपर उघडायला हवा. एवढ्या एका कृतीनं अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

दाब अडकलेला निघाला तर वरून शोधा. पुन्हा चाक घट्ट होऊ द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरवरचा बँजो बोल्ट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये किंवा लिव्हरमध्ये. सुटलं नाही, पण खालचं निपल सैल केल्यावर सुटलं, तर होस पाइप आतून सुजलाय. बाहेरून नवा दिसणारा जुना पाइप आतून असा बसतो की लिव्हरच्या जोरानं फ्लुइड खाली जातं, पण परत येताना अडकतं. बँजोला नंतर नवीन वॉशर लावायचे, जुने फिरवून लावायचे नाहीत. टाकीचं झाकण काढूनही बघता येतं: लिव्हर अगदी हळू, थोडासा दाबा. परतीचं भोक उघडं असेल तर फ्लुइडच्या पृष्ठभागावर बारीक कारंजं उठतं. काहीच हललं नाही तर भोक झाकलेलं आहे किंवा घाणीनं बुजलेलं आहे. या गाडीवर ते उठलं नाही. लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला केला, तेव्हा उठलं. एवढ्यात निदान झालं, एक रुपयाही खर्च न होता.

टाकीबद्दलही बोलायला हवं. कुणीतरी ती काठोकाठ भरली आहे. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढं येतो आणि टाकीतली पातळी आपोआप खाली येते, ते गळती नसून पॅड झिजल्याचं चिन्ह आहे. जुने पॅड असताना वरून फ्लुइड ओतलं आणि नंतर जाड नवे पॅड बसवले, की पिस्टन मागं जाताना तेवढंच फ्लुइड वर चढतं आणि फुगायला जागाच उरत नाही. टाकीवर वरची आणि खालची खूण कशाला दिली आहे, ते पुन्हा वाचा.

कॅलिपर उघडायची वेळ येईल तेव्हा आधी लक्षात ठेवा की पिस्टनला मागं ओढणारी स्प्रिंग नसते. चौकोनी काटछेदाचं रबरी सील पिस्टनला धरून असतं. ब्रेक दाबला की ते किंचित पिळतं, सोडला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं आणतं. सगळी माघार एवढीच. म्हणून धड ब्रेकमध्येही पॅड डिस्कला हलकेच शिवतो आणि चाक फिरवताना बारीक सरसर ऐकू येते. त्या सरसरीवर इलाज करायला जाऊ नका. पण पिस्टनच्या उघड्या भागावर गंज आणि चिखल बसला असेल, तर सील त्याला मागं आणू शकत नाही. तो तसाच स्क्रू ड्रायव्हरनं आत ढकलला, तर घाण सीलच्या मागं जाते आणि तुम्ही स्वतःच्या हातानं नवा दोष तयार करता. आधी ब्रेक क्लीनरनं पुसा. पेट्रोल नाही, डिझेल नाही, रॉकेल तर नाहीच. खनिज तेल लागलं की हे रबर फुगतं, आणि फुगलेलं सील पिस्टनला आवळतं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तिथं तुम्ही चेसिसचं ग्रीस भरता, ते मी बघितलं आहे. त्यानं पिनांची टोपणं फुगतात, कॅलिपर सरकायचा थांबतो, आणि एकच पॅड झिजत राहतो. दोन पॅडांची झीज वेगवेगळी दिसली की पिना बघायच्या. सिलिकॉन ग्रीस कपाटात आहे आणि ते अगदी थोडं लागतं.

आता आवाज. आवाज आला की पॅड, असं तुमच्या डोक्यात बसलं आहे, ते काढून टाका. आवाज कधी येतो ते ऐका. ब्रेक दाबल्यावर बारीक, उंच किंचाळी येत असेल, तर पॅड आणि डिस्क थरथरतायत. पॅडचा पृष्ठभाग जळून चकचकीत झाला असेल, किंवा मागची पातळ पत्री आणि पकडून ठेवणारी स्प्रिंग मागच्या वेळी बसवायची राहून गेली असेल. तुमच्या कचऱ्याच्या डब्यात अशा स्प्रिंगा मला सापडल्या आहेत. खरखर, धातू धातूवर घासल्यासारखी, असेल तर पॅड संपून पाठीची पट्टी डिस्कला लागली आहे आणि गाडी एक फूटही पुढं जाऊ द्यायची नाही. ब्रेक न दाबता, चाकाच्या प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी घासत असेल तर डिस्क वाकली असेल, किंवा बेअरिंग गेलं असेल. हे नजरेनं ठरवायचं नाही. डायल गेज लावा. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्कच्या डगमगीची मर्यादा 0.30 मिलिमीटरपर्यंत असते. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ही जुनी डिस्क मी भंगारातून काढून मोजली. जाडी मापात आहे, डगमग मर्यादेच्या आत आहे. त्या माणसाची चांगली डिस्क तुम्ही भंगारात टाकलीत.

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा घर्र करतो, कारण डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. तो जातो. आणि ब्रेक दाबताच टक् असा एकच ठोका आला, तर कॅलिपर उघडण्याआधी पुढचा ब्रेक धरून हँडल मागं-पुढं हलवा. कोनसेट सैल असेल तर तोच बोलतो. मागच्या ब्रेकच्या किंचाळीचं कारण तर बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतं. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर चिंधी धरत नाही तुम्ही. वॉशिंगवाल्याची डिझेलची फवारणीही तिथंच बसते. तेल प्यायलेला पॅड पॉलिश पेपरनं घासून सुधारत नाही. तो फेकायचा. त्यात पैसा वाचवून आपण कुणाचं भलं करत नाही.

मला कुणीतरी म्हणालं, ‘सर, नवीन गाड्यांना एबीएस असतं.’ असतं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या दुचाकीला ते सक्तीचं आहे. एबीएस बसणारं चाक सोडवतं, पण मास्टर सिलिंडरचं झाकलेलं भोक उघडत नाही आणि उकळलेलं फ्लुइड थंड करत नाही. त्याच्या भरवशावर निदान टाळणारा मुलगा माझ्या वर्गात नको.

तुम्हाला हात आहेत, चांगले आहेत. बोल्ट कसा आवळायचा, हवा कशी काढायची, हे तुम्ही माझ्यापेक्षा चपळाईनं करता. म्हणूनच राग येतो. एवढ्या चांगल्या हातांनी तुम्ही तीन वेळा चुकीचं काम नेटकं केलंत.

या गाडीला कंपनीचा लिव्हर मागवला आहे, तो दुपारी येईल. कानस लागलेले पॅड काढून टाका, नवे घाला, पैसे वर्कशॉपचे. निळी डिस्क डायल गेजवर मोजा आणि आकडा मला दाखवा. जुनी डिस्क पुसून तयार ठेवा, बहुधा तीच परत बसेल आणि डिस्कचे पैसे मालकाला परत जातील. सगळं फ्लुइड बदला, नवा सीलबंद डबा फोडा. मग दोघांनी गाडी घ्यायची, उतारावर चालवायची, तापलेली आणायची, चाक उचलून माझ्यासमोर फिरवायचं. मोकळं फिरलं तर कार्डावर लिहायचं: तक्रार काय होती, काय तपासलं, कारण काय निघालं. भाग बदलल्याची नोंद त्याच्या खाली. मालकाला मी संध्याकाळी बोलावलं आहे. तो विचारेल ते त्याला तुम्हीच सांगायचं.