अस्त्र आवरणारा हात

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत आणला. तेव्हापासून रोल-प्लेच्या खेळात योद्धा कागदावर उभा करण्याची एक रीत पडून गेली आहे. नाव, वंश, अंगातले बळ, हातातले शस्त्र आणि त्या शस्त्राने होणारी इजा कोणत्या फाशावर मोजायची, एवढे लिहिले की पात्र तयार. ते खरे वाटावे म्हणून मेहनती खेळाडू तलवारीचे वजन शोधतो, धनुष्य ओढायला किती ताकद लागते ते वाचतो. ही माहिती हवीच. पण हा माणूस या शस्त्राला लायक आहे का, हा प्रश्न तिच्यात कुठेच येत नाही. महाभारतात मात्र तोच पुन्हा पुन्हा समोर येतो. माझे म्हणणे असे की शस्त्र आवरता येणे हा कौशल्याचाच भाग आहे, आणि तो वगळला तर पात्र नीतीच्या दृष्टीने तर उणे राहतेच, खरेही वाटत नाही.

सौप्तिकपर्व पाहा. झोपलेल्या छावणीची कत्तल करून अश्वत्थामा गंगाकाठी व्यासांजवळ जाऊन बसला आहे. भीम मागावर आलेला दिसताच तो गवताची काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि शेवटी तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. दोघांचा गुरू एक, अस्त्र एक. फरक पडला तो परत घेण्यात. व्रतस्थ नसलेल्याने ते मागे फिरवायचा प्रयत्न केला तर ते त्याचेच डोके उडवते, असे ग्रंथ सांगतो. याच पर्वात थोडे आधी कृष्णाने एक जुनी हकीकत सांगितली आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्जुनाला अस्त्र मिळाले म्हणून अश्वत्थाम्याने बापाकडे हट्ट धरला. मुलाचा चंचल स्वभाव ओळखून असलेल्या द्रोणाने ते नाखुशीनेच दिले आणि बजावले, कितीही संकट आले तरी माणसांवर सोडू नकोस. पुढे हाच मुलगा द्वारकेला जाऊन कृष्णाकडे चक्र मागतो. कृष्ण म्हणतो, घे. डाव्या हाताने ते हलत नाही, उजव्यानेही नाही. कशाला हवे होते, असे विचारल्यावर उत्तर येते: तुझ्याशीच लढायला. एवढ्या एका उत्तरात अश्वत्थामा जितका कळतो तितका कागदावरच्या आकड्यांतून कळणार नाही.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप ग्रीसमधून येतो. प्लेटोच्या संवादात गॉर्जिअस म्हणतो की मुष्टियुद्ध शिकून कोणी आईबापांनाच मारले तर दोष विद्येचा नाही, शिकवणाऱ्याचाही नाही. विद्या तटस्थ असते. महाभारत हे साफ नाकारत नाही. दुर्योधनाने तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदा चालवली होती. बळ भीमाचे, पण कसब दुर्योधनाचे, आणि नियमाने लढला तर भीम जिंकणार नाही, हे खुद्द कृष्ण सांगतो. सद्गुणाने मनगटात जोर येत नाही, हे व्यासांना पक्के ठाऊक होते. तरीही गॉर्जिअसने एक गोष्ट गृहीत धरली आहे: मारण्याची विद्या वार बसला की पुरी होते. तालमीत जोडीदारावर उगारलेला वार अंगाला लागण्याआधी ज्याला थांबवता येत नाही, त्या पठ्ठ्याला कोणी तयार म्हणत नाही. थांबवणे हेही स्नायूंना आणि नजरेला शिकवावे लागते. तेव्हा विद्या तटस्थ आहे असे मानले, तरी अश्वत्थाम्याची विद्या अर्धीच होती, हे उरतेच.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. पात्रतेची ही भाषा जन्माची दारे बंद करायला वापरली गेली. कर्णाला द्रोणाने ब्रह्मास्त्र नाकारले, म्हणून तो ब्राह्मण असल्याचे खोटे सांगून परशुरामांकडे गेला आणि शाप घेऊन परतला. एकलव्याला तर निषाद म्हणून दारातूनच परत पाठवले. हे खरे आहे, आणि सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण आवरण्याचा निकष हाती घेऊन आदिपर्वातला तो कुत्रा पुन्हा पाहावा. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात एकलव्याने सात बाण मारले, आणि कुत्रा आपल्या पायांनी चालत पांडवांकडे परत आला. मेला नाही. जितके हवे तितकेच, त्यापुढे नाही, असा नेम द्रोणाच्या राजपुत्र शिष्यांनाही थक्क करून गेला. म्हणजे निकष चुकीचा नव्हता, तो लावणारा चुकला. ज्याला आवरता येत होते त्याचा अंगठा गुरूने मागून घेतला, आणि ज्याला येत नव्हते त्या पोटच्या मुलाला अस्त्र दिले. निकष सोडून दिला तर द्रोणाला दोष देण्याचे कारणही हातातून जाते.

उरतो अर्जुन. मौसलपर्वात यादवस्त्रियांना घेऊन जाताना काठ्या घेतलेल्या आभीरांनी त्याला गाठले. गांडीवाला प्रत्यंचा चढवताना दमछाक झाली, अस्त्रे आठवेनात, भाते रिकामे झाले. संयमाचे हेच फळ का? संयमाने अस्त्र कायमचे आपले होते, असा दावा महाभारताने कुठेच केलेला नाही. त्या अस्त्रांचे काम संपले, एवढेच व्यास त्याला सांगतात.

सौप्तिकपर्व फार मोठे नाही, अठराच अध्यायांचे आहे. शस्त्रधारी पात्र रचायला बसणाऱ्याने तलवारींच्या याद्या चाळण्याआधी ते एकदा वाचावे.