पावणेतीन महिने

जठराचा कर्करोग शरीरात पसरला आहे, शस्त्रक्रियेने तो निघणार नाही, असे डॉक्टर सांगतात. मग म्हणतात, गाठीचा तुकडा 'हर टू' तपासणीला पाठवू या. साधारण पाच रुग्णांपैकी एकाच्या गाठीत हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते, कारण तेथील पेशींत एका जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. (जनुक म्हटले की घरचे मुलांच्या काळजीने घाबरतात. हा बदल फक्त गाठीतला असतो, वारशाने आलेला नसतो.) अशा रुग्णांना केमोथेरपीबरोबर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. ते नेमके त्या प्रथिनाला चिकटते.

फायदा किती? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 594 रुग्णांवरील चाचणीत केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी निम्मे 11.1 महिन्यांपलीकडे जगले. हे औषधही घेणाऱ्यांपैकी निम्मे 13.8 महिन्यांपलीकडे. म्हणजे सुमारे पावणेतीन महिने अधिक. काहींना पुष्कळ जास्त मिळतात, काहींना काहीच नाही. भारतीय कंपन्यांची औषधे 2014 पासून बाजारात आल्याने खर्च उतरला, तरी हातावर पोट असणाऱ्यांना तो जडच आहे.

मग त्यासाठी जमीन विकावी काय? न विकणारा मुलगा कृतघ्न ठरतो काय? पोप बारावे पायस यांनी 1957 साली डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, स्वतःवर वा इतरांवर जड ओझे टाकणारे उपचार घेण्यास कोणी बांधील नाही. उपचाराचा त्रास, खर्च आणि मिळणारे फळ यांचा तोल पाहावा, असे ख्रिस्तसभा शिकवते. हा तोल पाहण्याचा पहिला अधिकार शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा आहे.

आणि नेमके त्यालाच आपण काही कळू देत नाही. "बाबांना सांगू नका, ते खचतील." फाईल कपाटात जाते. त्यांना संशय येईल म्हणून रुग्णाभ्यंगासाठी फादरांनाही आपण उशिरा बोलावतो. हे सारे प्रेमापोटी होते, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही ज्याचे महिने मोजले जात आहेत, त्यालाच हिशेबाबाहेर ठेवणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. बाबांना कदाचित नातीचे लग्न पाहायचे असेल आणि त्यासाठी ते प्रत्येक सुई सोसतील. कदाचित घरी राहून, बांधावरून दुरावलेल्या भावाशी एकदा बोलायचे असेल. औषध नको म्हटले, तरी वेदना कमी करणारे उपचार चालूच राहतात, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर त्यांच्यासाठीही एक खुर्ची मागून घेता येईल.