किनारा कुणाचा

गरज मोठी असली की तिच्यातून हक्क जन्माला येतो का? धुळ्यात वाढताना हा प्रश्न मी जमिनीबद्दल ऐकला. पुढे इथिओपियातल्या टिग्रायमध्ये, मेकेलेच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला गेलो, तेव्हा तोच प्रश्न समुद्राबद्दल ऐकला. उत्तर मात्र अजूनही एका वाक्यात देता येत नाही.

इथिओपियाची लोकसंख्या 12 कोटींच्या वर आहे. लोकसंख्येने एवढा मोठा बिनकिनाऱ्याचा देश जगात दुसरा नाही. 1993 साली सार्वमत होऊन एरिट्रिया वेगळा झाला, आणि मासावा व असाब ही बंदरं त्याच्याकडे गेली. तरीही असाबमधून इथिओपियाचा माल येत-जात होता. 1998 मध्ये बाद्मे या सीमेवरच्या गावावरून युद्ध पेटलं आणि तो रस्ता बंद झाला. तेव्हापासून परदेशी व्यापारातला 90 टक्क्यांहून जास्त माल जिबूतीच्या बंदरातून येतो-जातो. नकाशावर पाहिलं तर मेकेलेला मासावा जिबूतीपेक्षा कितीतरी जवळ. पण खताचं पोतं यायचं ते जिबूतीहून, आणि त्या सगळ्या लांबच्या फेऱ्याचं भाडं शेवटी डोंगरातल्या शेतकऱ्याच्या माथी बसायचं. ही गरज मी तिथल्या बाजारात डोळ्यांनी पाहिली आहे. तिला कुणी राजकीय ढोंग म्हटलं तर मला ते पटणार नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी तांबड्या समुद्राचा प्रश्न देशाच्या अस्तित्वाचा ठरवला आणि एवढी माणसं भूगोलाच्या तुरुंगात राहू शकत नाहीत, अशी भाषा केली. 1 जानेवारी 2024 ला त्यांनी सोमालीलँडशी किनाऱ्याच्या 20 किलोमीटर पट्ट्याबद्दल समझोता केला. सोमालीलँडला आपलाच भाग मानणारा सोमालिया खवळला, इजिप्त त्याच्या मदतीला धावला, आणि वर्षअखेरीस तुर्कस्तानला अंकारात इथिओपिया आणि सोमालियाला समोरासमोर बसवावं लागलं. असाबवरची नजर मात्र हटलेली नाही.

या मागणीच्या मुळाशी इतिहास आहे, आणि तो खरा आहे. अक्सूमच्या राज्याचं बंदर अदुलिस आजच्या एरिट्रियात होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात अदुलिस आहे, तसे आपले कल्याण आणि चौलही आहेत. त्याच पाण्यावरून इकडचं सुती कापड तिकडे उतरत होतं. मेकेलेत शिकवताना मी हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकत. पण पुढचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवत असे: दोन हजार वर्षांपूर्वी एखादी जागा आपल्या राजाची होती, म्हणून आज तिथे राहणाऱ्या माणसाचं काय करायचं?

गरजेला हक्क मानण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. डिसेंबर 1950 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एरिट्रिया इथिओपियाला संघराज्य म्हणून जोडायचं ठरवलं. त्या ठरावात इथिओपियाची समुद्राची गरज न्याय्य म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे. 1962 मध्ये सम्राट हैले सेलासी यांनी ते संघराज्यही मोडून एरिट्रिया गिळला. त्याआधीच बंदूक उचलली गेली होती, आणि ती 1991 पर्यंत खाली ठेवली गेली नाही. तीस वर्षं! ज्यांच्या किनाऱ्याची गरज होती, त्यांची संमती कुणी घेतली नव्हती.

नील नदीकडे पाहिलं की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इजिप्त म्हणतो, आमचं जगणं या पाण्यावर आहे, शतकानुशतकांची वहिवाट आहे, म्हणून आमचा हक्क आहे. इथिओपिया म्हणतो, नदी आमच्या डोंगरात उगम पावते, तिच्यावर आम्ही बांधलेलं धरण आमच्या भूमीवर आहे, आमची भूमी आमची. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ते धरण सुरूही झालं. समुद्राच्या वादात मात्र इथिओपिया गरज आणि वहिवाट सांगतो, तर एरिट्रिया म्हणतो, आमची भूमी आमची. जो युक्तिवाद इथिओपिया इजिप्तच्या तोंडी नाकारतो, तोच एरिट्रियाच्या राजधानीसमोर, अस्मारासमोर, तो कसा करणार? धर्म हा शब्द मी इथे पूजाअर्चेच्या अर्थाने वापरत नाही. स्वतःला लावलेलं माप दुसऱ्यालाही लावणं, एवढाच त्याचा मला कळलेला गाभा आहे.

जमिनीचा प्रश्न मी ऐकला तो घरातच. आमचे अण्णा विनोबांचे अनुयायी. गीतेवरची प्रवचनं विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्याच तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे अण्णा घरात आलेल्या प्रत्येकाला सांगत. विनोबांच्या भूदान चळवळीत अण्णांनी जमिनीचा सहावा हिस्सा दिला. आमच्या चुलत्यांनी मात्र साफ नकार दिला, तेव्हा जमीन मागायला आलेले कार्यकर्ते त्यांना नमस्कार करून पुढच्या गावाला निघून गेले. अण्णांना त्या नमस्काराचं फार अप्रूप होतं. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र त्यांच्या रोजच्या म्हणण्यात असे: सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, तेव्हा दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नये. त्यातून ते दोन गोष्टी काढत. जमिनीचा मालक खरा मालक नाही, म्हणून त्याने द्यावं. आणि भूमिहीनही खरा मालक नाही, म्हणून त्याने हिसकावू नये. पहिली गोष्ट लोकांना सहज आवडते, दुसरी गिळायला जड जाते.

मेकेलेतले माझे एक सहकारी मला घरी बोलावत. आमच्या पिठल्याची सख्खी बहीण वाटावी अशी शिरो, आंबूस इंजेरा भाकरी, मग तासभर चालणारी बुना, म्हणजे तिथली कॉफी. त्यांची आई अस्माराकडची. 1998 नंतर दोन्ही देशांमधले फोन बंद, तेव्हा तिला माहेरचं मरण महिन्यांनी, तिसऱ्या देशातल्या नातेवाइकाकडून कळलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा एक, तिग्रिन्या. तेवाहेदो हा ख्रिस्ती पंथ एक. तिमकतच्या सणाला दोन्हीकडे ताबोत, म्हणजे चर्चमधली पवित्र पाटी, डोक्यावर घेऊन पुजारी पाण्याकडे निघतात. तरी देशाबरोबर चर्चचीही दोन चर्च झाली. पुढे 2018 मध्ये सीमा उघडली, ती आई भावाला भेटली, अबींना नोबेल मिळालं. आणि 2020 च्या नोव्हेंबरात टिग्रायवर युद्ध कोसळलं तेव्हा एरिट्रियाचं सैन्य इथिओपियाच्या सरकारच्या बाजूने आत आलं. अक्सूममध्ये त्याने केलेली कत्तल मानवाधिकार संघटनांनी नोंदवली आहे. माझ्या सहकाऱ्यांचा फोन कित्येक महिने लागला नाही.

त्याच युद्धात नेगाश गावच्या मशिदीवर तोफा चालल्या. त्या गावाशी जोडलेली गोष्ट जुनी आहे. सातव्या शतकाच्या आरंभी मक्केत छळ झालेले प्रेषित मुहंमदांचे अनुयायी समुद्र ओलांडून अक्सूमच्या ख्रिस्ती राजाकडे आले होते. मक्केची माणसं नजराणे घेऊन त्यांना परत मागायला आली. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या, नजराणे परत केले आणि आश्रितांना ठेवून घेतलं. त्या आश्रितांच्या हाती ना सनद होती ना सैन्य. त्यांनी आपलं दुःख सांगितलं, आणि ते ऐकण्याचं बंधन त्या राजाने स्वतःवर मानलं.

गरजेची खरी जागा मला इथे दिसते. ती मालकी देत नाही, पण समोरच्यावर कर्तव्य टाकते. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचं 125 वं कलमही बिनकिनाऱ्याच्या देशाला समुद्रापर्यंत ये-जा करण्याचा हक्क देतं, किनारा देत नाही, आणि वाटेच्या अटी शेजाऱ्याशी ठरवायला सांगतं. म्हणून अस्मारालाही मी मोकळं सोडत नाही. 1993 पासून तिथे राष्ट्रीय निवडणूक नाही, तरुणांना मुदतच नसलेल्या लष्करी सेवेत जुंपलं आहे, आणि असाब नुसतं धरून ठेवलं आहे. जे आपण वापरत नाही आणि दुसऱ्याला वापरूही देत नाही, त्याला ‘आमचं’ म्हणताना अण्णांचा मंत्र तिथेही लागू पडतो.

आणि असाबमध्ये राहतं कोण? अफार. मीठ आणि उंटांवर जगलेले हे लोक इथिओपिया, एरिट्रिया, जिबूती अशा तीन देशांत विभागले गेले आहेत. अदिस अबाबाच्या आणि अस्माराच्या भाषणांत समुद्र येतो, तेव्हा ते क्वचितच येतात. बंदर उघडायचं तर पहिली विचारणा त्यांच्याकडे व्हायला हवी. अबींनी 2023 च्या त्या भाषणात समुद्राच्या बदल्यात धरणातला, विमान कंपनीतला वाटा देऊ केला होता. ती देवघेवीची वाट मला योग्य वाटते, पण ती धमकीच्या सावलीत चालता येणार नाही. आणि समोरून नकार आला, तर जिबूतीचं भाडं आणखी पन्नास वर्षं भरावं, असं मी सहकाऱ्यांना फोनवर सांगितलं. टिग्रायमध्ये खताचं पोतं किती महाग पडतं हे मला माहीत असतानाही सांगितलं. ते बराच वेळ माझ्याशी भांडले. एरिट्रियाचं सैन्य त्यांच्या गावात येऊन गेलं आहे, त्यामुळे नमस्कार करून पुढच्या गावाला जायला त्यांना मी सांगावं हे त्यांना सहन होत नाही, आणि ते मला समजतं. पण माझं मत मी बदललेलं नाही.